तळहातावरचे रणगाडे
लष्करी वाहनांच्या लघुप्रतिकृती जमविण्याचा छंद

दिवाळीत अंगणात किल्ला केला नाही, असे मराठी बालपण विरळाच. दगडमातीचा डोंगर, अळिवाची हिरवळ, बुरुजावर मातीची तोफ आणि पायऱ्यांवर मावळे असा सगळा थाट असतो. या किल्ल्यात एक गोष्ट मात्र हटकून चुकते. सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात आणि पहारेकऱ्याचा भाला तटाच्याही वर जातो. मुलांच्या लेखी तिथे मापापेक्षा मान महत्त्वाचा असल्याने ते शोभूनही दिसते. हीच हौस मोठेपणी मापाच्या शिस्तीत बसविली, प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या ठरावीक अंशानेच लहान करायची असा नियम घातला, की लघुप्रतिकृतींचा छंद सुरू होतो. या छंदाच्या अनेक शाखांपैकी सर्वांत मोठ्या शाखांमध्ये रणगाडे, चिलखती गाड्या, जीप आणि लष्करी ट्रक यांच्या प्रतिकृतींचा समावेश होतो.

मुंबई-पुण्यात या छंदाला थोडीफार संगत मिळते. परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी छांदिष्टाला बहुधा एकट्यानेच वाट काढावी लागते. जवळपास खास दुकान नसते, विचारायला जाणकार नसतो आणि घरी आलेला पाहुणा 'अजून खेळणीच का?' असे हसून विचारतो. तरीही मराठवाड्यातल्या संग्राहकाजवळ एक भांडवल आहे. ज्या यंत्रांच्या प्रतिकृती तो जमवितो, त्यांपैकी काही याच प्रदेशाच्या रस्त्यांवरून गेलेली आहेत आणि त्यांच्या जातीची खरी यंत्रे एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर आजही उभी आहेत. या भांडवलाचा उपयोग करून संग्रह कसा उभा करावा, याची ही तोंडओळख.

प्रमाणाचे गणित

प्रतिकृतीच्या खोक्यावर १:३५, १:७२ असे आकडे छापलेले असतात. १:३५ याचा अर्थ मूळ वाहनाची लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी पस्तीस पटींनी कमी केलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी बनावटीचा शर्मन रणगाडा सुमारे ५.८४ मीटर लांब होता. १:३५ प्रमाणात तो साधारण १६.७ सेंटिमीटर, १:४८ मध्ये १२.२ सेंटिमीटर, १:७२ मध्ये ८.१ सेंटिमीटर, तर रेल्वेच्या प्रतिकृतींशी जुळणाऱ्या १:८७ प्रमाणात अवघा ६.७ सेंटिमीटर भरतो. पुढे रोखलेल्या तोफेसह सुमारे ९.८ मीटर लांबीचा सेंच्युरियन १:३५ मध्ये २८ सेंटिमीटर जागा मागतो, तोच १:७२ मध्ये जेमतेम १४ सेंटिमीटरमध्ये मावतो. म्हणजे प्रमाण निम्मे झाले, की फळीवर लागणारी जागा चौथाईवर येते. दोन खोल्यांच्या घरात संग्रह करणाऱ्याने पहिले खोके विकत घेण्यापूर्वीच हा हिशेब मांडावा.

हे आकडे असे विचित्र का, हा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. त्याचे उत्तर फूट-इंचांत आहे. एका इंचाला सहा फूट धरले की १:७२ होते आणि पाव इंचाला एक फूट धरला की १:४८. ब्रिटनमधील १:७६ हे प्रमाण फुटाला चार मिलिमीटर या खेळण्यांच्या रेल्वेच्या मापातून आले. सर्वांत लोकप्रिय ठरलेल्या १:३५ ची कथा मात्र निराळी आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याचा संच बाजारात आणला. तो मोटारीवर चालणारा होता. आतमध्ये मोटार आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत, या सोयीने रणगाड्याचा आकार ठरला आणि मागाहून मोजले तेव्हा तो मूळ यंत्राच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या जवळपास निघाला. पुढचे संच त्याच मापात निघत गेले, इतर कंपन्यांनीही तेच स्वीकारले आणि बॅटरीच्या सोयीतून जन्मलेला आकडा जगभराचा मानदंड होऊन बसला.

लांबी पस्तीस पटींनी घटली तरी वजन पस्तीस गुणिले पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटते. सुमारे ३० टनांचा शर्मन त्याच पोलादात, त्याच जाडीच्या प्रमाणात घडविला, तर १:३५ मध्ये त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम होईल. प्लास्टिकची प्रतिकृती त्याहून हलकी असते. हातात घेताच 'यात दम नाही' असे जे वाटते, त्याचे एक कारण हे आहे. हा हिशेब बारीक भागांनाही लागू पडतो. प्रतिकृतीवर १ मिलिमीटर जाडीची वायरलेसची काडी लावली, तर ती खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर जाडीचा खांब ठरते. म्हणूनच अनुभवी मंडळी सांगाड्याचा उरलेला प्लास्टिकचा तुकडा मेणबत्तीच्या धगीवर मऊ करून ओढतात आणि केसासारखी बारीक काडी तयार करतात.

खेळण्यापासून अभ्यासवस्तूपर्यंत

लष्करी लघुमूर्तींचा व्यापार आधुनिक रूपात युरोपात वाढला. १८९३ मध्ये ब्रिटनमधील विल्यम ब्रिटन या पेढीने आतून पोकळ शिसे-सैनिक ओतण्याची रीत आणली. त्यामुळे धातू कमी लागू लागला, किंमत उतरली आणि सैनिक मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. पुढे जस्ताच्या मिश्रधातूचा रस दाबाने साच्यात सोडून वाहने काढणे सुरू झाले. डिंकी, सोलिडो, कॉर्गी, मॅचबॉक्स ही नावे यातूनच घराघरांत गेली. डिंकीचे काही जुने साचे भारतात आणून त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या काढल्या जात. आज त्या गाड्यांना परदेशातही संग्राहक आहेत.

दुसऱ्या महायुद्धाने प्रतिकृतीला खेळण्याच्या पेटीतून बाहेर काढून वर्गात नेले. शत्रूचा रणगाडा कोणता आणि आपला कोणता, हे सैनिकाला क्षणार्धात ओळखता यावे म्हणून अमेरिकेत १:१०८ प्रमाणातील वाहने मोठ्या संख्येने तयार करून शिक्षणासाठी वापरली गेली. युद्धानंतर पॉलिस्टायरिन प्लास्टिक स्वस्त झाले आणि सुटे भाग जोडून आपण प्रतिकृती तयार करायची, अशी संचांची पद्धत रूढ झाली. ब्रिटनमधील एअरफिक्सने छोट्या प्रमाणात आणि तामियाने मोठ्या प्रमाणात हा बाजार घडविला. तामियाचे शुनसाकू तामिया यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतील अ‍ॅबर्डीन येथील शस्त्रसंग्रहालयात जाऊन खऱ्या रणगाड्यांची छायाचित्रे आणि मापे घेतली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नये, खरे यंत्र पाहून यावे, हा या छंदाचा धडा त्यांनी कारखानदारीतही गिरवला होता.

आजचा संग्राहक मुख्यतः तीन वाटांनी जातो. पहिली वाट तयार, रंगवलेल्या धातूच्या प्रतिकृतींची. यात कष्ट कमी, पण निवडही मर्यादित. दुसरी वाट जोडणीच्या प्लास्टिक संचांची, जिथे एका रणगाड्याचे तुकडे काही शे असू शकतात. तिसरी वाट रेझिन आणि त्रिमितीय छपाईची. संगणकावर आराखडा काढून प्रतिकृती छापून घेता येऊ लागल्यापासून, मोठ्या कंपन्यांना ज्यात नफा दिसत नाही अशी वाहनेही संग्रहात येऊ लागली आहेत.

खोक्यातला टायगर आणि आपला स्टुअर्ट

दुकानाच्या फळीवर नजर टाकली, तर जर्मन टायगर आणि पँथर यांचीच गर्दी दिसते. बाजार युरोप, अमेरिका आणि जपानच्या ग्राहकाला धरून चालतो, त्यात वावगे काही नाही. मात्र नवा भारतीय संग्राहक नकळत तीच यादी आपली मानतो. त्याच्या कपाटात कुर्स्क आणि नॉर्मंडी असतात. नळदुर्ग, नौशेरा आणि बसंतर तिथे नसतात.

संग्रहाला विषय हवा असेल, तर मराठी वाचकाच्या परिचयाच्या चार प्रसंगांवरून चार वाहने सुचविता येतील. या चारही वाहनांचे किंवा त्यांच्या जवळच्या प्रकारांचे संच बाजारात मिळतात. भारतीय रंग आणि खुणा मात्र आपण द्यायच्या असतात.

पहिला प्रसंग मराठवाड्याचाच आहे. १९४८ मध्ये परभणी हा हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांपैकी एक होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरकडून संस्थानात शिरली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात आला आणि चिलखती दळ जळकोटवरून त्याच दिवशी उमरग्यापर्यंत पोहोचले. दुसऱ्या बाजूने आलेल्या तुकड्यांनी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि जालना घेतले. त्यांतील काही पुढे लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे गेल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. हाच दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. त्या काळी भारतीय चिलखती दळाची मुख्य मदार शर्मन हे मध्यम आणि स्टुअर्ट हे हलके रणगाडे यांच्यावर होती. स्टुअर्ट जेमतेम साडेचार मीटर लांबीचा, ३७ मिलिमीटर तोफेचा. १:३५ मध्ये तो १३ सेंटिमीटर भरतो. मोठमोठ्या जर्मन रणगाड्यांशेजारी तो किरकोळ दिसेल, पण मराठवाड्यातल्या कपाटात पहिल्या फळीवर बसण्याचा मान त्याचा आहे.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या एप्रिलमधला. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी नौशेरा ते राजौरी या मार्गावर सुरुंग काढून आणि अडथळे हटवून रणगाड्यांना वाट करून देत होते. सुरुंगांच्या पट्ट्यातून जाताना ते रणगाड्याच्या खाली राहून सरपटत गेले आणि दोराच्या साहाय्याने चालकाला दिशा देत राहिले. ८ ते ११ एप्रिल या दिवसांतील या कामगिरीबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळाले. तो रणगाडाही स्टुअर्टच होता. एक रणगाडा, एक मनुष्य आणि एक दोर एवढ्या सामग्रीत उभा राहणारा देखावा याहून अर्थपूर्ण सापडणे कठीण.

तिसरा आणि चौथा प्रसंग सेंच्युरियनचा. १८१७ साली पुण्याच्या तहातून उभ्या राहिलेल्या घोडदळाचा वारसा सांगणारी पूना हॉर्स ही रेजिमेंट १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत सेंच्युरियनवर लढली. मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी सैनिकी जीवनाची सुरुवात हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात केली होती. सप्टेंबर १९६५ मध्ये फिलोरा-चाविंडाच्या रणक्षेत्रात जखमी असूनही त्यांनी मागे जाण्यास नकार दिला आणि १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. पुण्यातच जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता हुतात्मा झाले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. ज्या संस्थानाच्या सैन्यात तारापोर यांनी नोकरी केली, ते भारतात विलीन झाल्यावर ते भारताच्या रेजिमेंटचे सेनानी झाले, हा दुवा ध्यानात घेतला म्हणजे स्टुअर्टशेजारी सेंच्युरियन का ठेवायचा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

नगरची वाट

खरे यंत्र पाहायचे, तर अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) जावे. चिलखती दळाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून तिथे आहे आणि १९९४ मध्ये तिथे रणगाडा संग्रहालय उघडण्यात आले. परभणीहून मनमाडमार्गे रेल्वेनेही तिथे पोहोचता येते. मोकळ्या आवारात सुमारे ५० वाहने मांडलेली आहेत. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, ब्रिटिश मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, साखळ्या आपटून सुरुंग फोडणारा शर्मन, जपानी हा-गो आणि ची-हा, पाण्यातही चालणारी जर्मन श्विमवॅगन, फ्रेंच बनावटीचा एएमएक्स-१३ आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन हे सगळे एका फेरीत पाहायला मिळते. खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता'ही नगरच्या प्रशिक्षण केंद्रात जतन करण्यात आला आहे.

संग्राहकाने तिथे वहीसह जावे. छायाचित्रांबाबतचे नियम प्रवेशद्वारावर विचारून घ्यावेत आणि ते पाळावेत. डोळ्यांनी टिपण्यासारखे पुष्कळ असते. ओतीव पोलादाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, तर लाटलेल्या पत्र्याचा गुळगुळीत. वितळजोडाची रेघ दोरीसारखी उठून दिसते. पट्ट्यांचा वरचा भाग काही रणगाड्यांवर ताठ असतो, काहींवर झोळीसारखा लोंबतो. ही निरीक्षणे सूचनापत्रकात नसतात. शिवाय माणूस शेजारी उभा राहिला म्हणजे यंत्राची उंची अंगावर येते. १:३५ मध्ये पाच फूट आठ इंचांचा सैनिक जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो. त्याच्याशी प्रतिकृतीची तुलना करताना नगरची ती आठवण उपयोगी पडते.

रंग, खुणा आणि काळी माती

जोडणीला हत्यारे थोडीच लागतात. तुकडे कापण्याचा निपर, बारीक कानस, पॉलिश पेपर, चिमटा आणि प्लास्टिकचा पातळ डिंक एवढ्यावर पहिला रणगाडा उभा राहतो. हा डिंक प्लास्टिक विरघळवून सांधतो, त्यामुळे तो थेंबाथेंबानेच वापरावा आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी. लहान मुलांच्या हाती डिंक आणि पाते देऊ नये.

भारतीय लष्करी वाहनाचा ऑलिव्ह ग्रीन हा एकच एक रंग नाही. नवा रंग गडद असतो. ऊन, धूळ आणि पाऊस खाऊन तो करडा-पिवळसर होतो. लहान प्रमाणात गडद रंग आहे त्याहून काळवंडलेला दिसतो, म्हणून त्यात किंचित फिका रंग मिसळण्याची रीत आहे. भारतीय लष्कराच्या वाहनांच्या क्रमांकात वर टोक केलेला बाण असतो आणि त्यानंतर वर्षाचे आकडे येतात. दळाची ओळख सांगणारी चित्रखूणही असते. पहिल्या चिलखती डिव्हिजनची खूण काळा हत्ती, म्हणून ती 'ऐरावत' म्हणून ओळखली जाते. या खुणा संचासोबत सहसा मिळत नाहीत. त्या बारीक कुंचल्याने रंगवाव्या लागतात किंवा पाण्यात भिजवून चिकटवायच्या कागदावर छापून घ्याव्या लागतात. जुन्या छायाचित्रात जी खूण दिसत नाही, ती अंदाजाने रंगवू नये. कोरी जागा ही चूक नाही, कल्पित क्रमांक ही चूक आहे.

देखाव्याच्या बाबतीत मराठवाड्याच्या संग्राहकाला विकतचे फारसे काही लागत नाही. परदेशी पुस्तकांत रणगाड्याच्या पट्ट्यांत तपकिरी चिखल दाखविलेला असतो. आपल्याकडे सप्टेंबरमधला चिखल काळा आणि चिकट. शेतातली काळी माती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवली, की तोच पोत मिळतो. मात्र माती आधी नीट तापवून घ्यावी, नाहीतर तिच्यातून किडे आणि बुरशी कपाटात येतात. ज्वारीच्या धांड्यापासून खेड्यातली मुले बैलगाड्या करीत आली आहेत. त्याच धांड्याच्या सालीपासून कुडाची भिंत आणि आतल्या गाभ्यापासून छपराच्या वळया होतात. नळदुर्ग रस्त्याचा देखावा करायचा, तर पावसाळा सरत आलेला, रस्त्याकडेला हिरवी ज्वारी आणि मध्ये पाण्याची डबकी हवीत. तिथे बर्फ किंवा देवदार आला, की इतिहास संपला.

उन्हाळा, धूळ आणि जस्ताची कीड

परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पॉलिस्टायरिन त्या तापमानाला वितळत नाही, पण पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत उष्णता त्याहून बरीच वाढते आणि तोफेची नळी वाकते. संग्रह पश्चिमेच्या भिंतीला आणि खिडकीसमोर ठेवू नये. सूर्यप्रकाशाने चिटकविलेल्या खुणा पिवळ्या पडतात आणि रंग उडतो. काचेच्या दारांचे कपाट आणि महिन्यातून एकदा मऊ कुंचला एवढ्याने धुळीचा प्रश्न बराच सुटतो. ओल्या फडक्याने पुसल्यास धूळ सांध्यांत चिखल होऊन बसते.

धातूच्या जुन्या प्रतिकृतींना आणखी एक रोग असतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारख्या धातूची भेसळ राहिली असेल, तर वर्षानुवर्षांनी तो आतून फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांत हा दोष पुष्कळ आढळतो. त्यावर उपाय नाही. दमटपणा आणि तापमानातील चढउतार टाळून तो लांबविता मात्र येतो. म्हणून जुनी वस्तू विकत घेताना रंगापेक्षा तळ पाहावा. काही संचांतील मऊ रबरी पट्टे आणि टायर यांतील द्रव्य प्लास्टिकला लागून ते हळूहळू वितळवते. दोन्हींच्या मध्ये रंगाचा थर असावा.

खर्चाचे भान

हा छंद महाग झाला आहे, ही तक्रार खरी आहे. जकातीच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांबरोबर ९५०३ या शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्हही आवश्यक झाले. देशी खेळण्यांच्या उद्योगाला संरक्षण आणि मुलांची सुरक्षितता हे त्यामागचे उद्देश होते. मात्र १:३५ चा सेंच्युरियन भारतात कोणी मोठ्या प्रमाणावर तयार करीत नसल्याने छांदिष्टाच्या खिशावरचा भार वाढला. परदेशातून थेट मागविताना वस्तूच्या किमतीइतकाच विचार शुल्क आणि टपालखर्चाचाही करावा.

यावर उपाय संयमाचा आहे. वर्षाला वीस खोकी आणून माळ्यावर रचण्यापेक्षा दोन आणावीत आणि पूर्ण करावीत. १:७२ प्रमाणाला प्रतिष्ठा कमी असली, तरी त्याला पैसा आणि जागा दोन्ही कमी लागतात. शाळेतल्या मुलांनी पुठ्ठ्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही. मापे काढून, आराखडा आखून केलेला पुठ्ठ्याचा शर्मन विकतच्या अर्धवट टायगरपेक्षा अधिक शिकवितो.

नोंदवहीशिवाय संग्रह नाही

संग्राहक आणि नुसता खरेदीदार यांतला फरक कपाटात दिसत नाही, वहीत दिसतो. प्रत्येक प्रतिकृतीसाठी एक पान ठेवावे. वाहनाचे नाव आणि प्रकार, प्रमाण, कोणत्या रेजिमेंटचे, कोणत्या दिवशी आणि कोणत्या ठिकाणी दाखविले आहे, रंग आणि खुणा कशाच्या आधारे दिल्या आणि कोणती गोष्ट आधाराशिवाय राहिली, एवढे त्यावर असावे. वीस वर्षांनी रंग उडेल, पट्टे तुटतील, पण हे पान राहिले तर वस्तूला अर्थ राहील. पान नसेल तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ एक हिरवे खेळणे उरते.

या पानावर माणसांनाही जागा हवी. रणगाडा हे पोलादाचे यंत्र असले, तरी त्याच्या पोटात चार-पाच माणसे असतात आणि समोरही माणसेच असतात. १९१९ मध्ये अमृतसरला जनरल डायरने दोन चिलखती गाड्या बरोबर नेल्या होत्या. जालियनवाला बागेची वाट अरुंद असल्याने त्या आत जाऊ शकल्या नाहीत. चिलखती गाडीची सुबक प्रतिकृती करणाऱ्याला हेही ठाऊक असावे. 'फामागुस्ता' करणाऱ्याने चिठ्ठीवर खेत्रपालांबरोबर त्यांच्या साथीदार जवानांचेही स्मरण ठेवावे. १९४८ च्या सप्टेंबरची चिठ्ठी लिहिताना त्या वर्षी मराठवाड्याच्या गावोगावी झालेली होरपळही विसरू नये. युद्धाचे आकर्षण आणि युद्धाची जाण यांच्यामध्ये अनेकदा एवढ्याशा चिठ्ठीचेच अंतर असते.

हे काम आताच करण्याला कारण आहे. १९४८ मध्ये जी मुले आठ-दहा वर्षांची होती, ती आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी कोणी रस्त्याकडेला उभे राहून लष्कराच्या गाड्या जाताना पाहिल्या असतील, तर ती आठवण कोणत्याही खोक्यावर छापलेली मिळणार नाही. त्या काळचे बहुसंख्य रणगाडे भंगारात जाऊन वितळले. म्हणून परभणी, जालना, अंबाजोगाईच्या संग्राहकाने संच उघडण्यापूर्वी आपल्या गल्लीतल्या वडीलधाऱ्यांकडे तासभर बसावे. त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावे, नावे आणि तारखा पडताळून घ्याव्यात आणि मगच रंगाची बाटली उघडावी. तेरा सेंटिमीटरचा स्टुअर्ट तेव्हा खेळणे राहणार नाही, मराठवाड्याच्या इतिहासाची ती घरात जपलेली नोंद होईल.